पेटंटच्या दारावर पहारा कोणाचा?

लोकनियुक्त सभागृहाने एखादा प्रस्ताव प्रचंड बहुमताने फेटाळावा आणि तरीही त्या प्रस्तावाचा गाभा व्यवहारात निर्वेधपणे चालू राहावा, हे लोकशाहीच्या कोणत्याही व्याख्येत बसणारे नाही. तथापि युरोपात नेमके हेच घडले. ६ जुलै २००५ रोजी स्ट्रासबर्ग येथे युरोपीय संसदेने संगणकाच्या आज्ञावलींना पेटंटच्या कक्षेत आणू पाहणारा निर्देश ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळून लावला. १८ सदस्य तटस्थ राहिले. या घटनेला वीस वर्षे उलटून गेली. म्युनिक येथील युरोपीय पेटंट कार्यालयाने मात्र ‘संगणकाच्या साहाय्याने अमलात आणलेला शोध’ या गोंडस नावाखाली अशी पेटंटे देण्याचे आपले काम थांबविले नाही. संसदेने दार लावून घेतले. कार्यालयाने खिडकी उघडी ठेवली.

त्याच वर्षी दिल्लीतही जवळजवळ असेच नाट्य घडले. २६ डिसेंबर २००४ रोजी, संसदेचे अधिवेशन चालू नसताना, केंद्र सरकारने पेटंट कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढला. उद्योगातील तांत्रिक उपयोगासाठी किंवा यंत्रसामग्रीच्या जोडीने येणाऱ्या आज्ञावलींना पेटंट मिळू शकेल, अशी तरतूद त्यात होती. मार्च २००५ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर करण्याची वेळ आली तेव्हा संसदेने ही तरतूद काढून टाकली आणि जुनेच शब्द कायम ठेवले. पुढे काय झाले? कायद्याचे शब्द बदलले नाहीत. त्यांचा अर्थ मात्र पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांमधून पुन्हा पुन्हा बदलत गेला.

या दोन घटनांतून जो प्रश्न निर्माण होतो तो केवळ संगणकतज्ज्ञांचा किंवा वकिलांचा नाही. पेटंट ही सरकारने एखाद्याला ठरावीक काळापुरती दिलेली मक्तेदारी होय. ती कोणत्या गोष्टींवर द्यावी आणि कोणत्या गोष्टींवर देऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा, की ती सनद वाटणाऱ्या कार्यालयाचा? या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे. व्यवहारात ते कसे निसटून जाते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

राजाच्या मेहेरबानीपासून कायद्याच्या कराराकडे

पेटंटचा इतिहास शोधांपासून सुरू होत नाही, तो राजाच्या मेहेरबानीपासून सुरू होतो. सोळाव्या शतकात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिने आपल्या दरबारी मंडळींना मीठ, खळ, खेळण्याचे पत्ते अशा नित्याच्या वस्तूंवर मक्तेदारीच्या सनदा वाटल्या होत्या. त्यामुळे महागाई वाढली, लोक संतापले आणि १६०१ मध्ये पार्लमेंटमधील वातावरण इतके तापले की राणीला माघार घ्यावी लागली. तिच्यामागून आलेल्या पहिल्या जेम्सने तोच कित्ता गिरविला तेव्हा १६२४ मध्ये पार्लमेंटने मक्तेदारीविरोधी कायदाच केला. राजाने दिलेल्या मक्तेदाऱ्या त्याने सरसकट अवैध ठरविल्या आणि मोजके अपवाद ठेवले. त्यांतील एक अपवाद म्हणजे नव्या वस्तूच्या खऱ्या व पहिल्या शोधकाला दिलेली १४ वर्षांची सनद. आधुनिक पेटंट कायद्याचे मूळ या अपवादात आहे.

हा तपशील विसरता कामा नये. पेटंट हा शोधकाचा जन्मसिद्ध हक्क म्हणून जन्माला आलेला नाही. मक्तेदारी वाईट, ही मूळ भूमिका. समाजाचा त्यात लाभ असेल तेवढ्यापुरता तिला अपवाद, हा त्यातील करार. शोधकाने आपले गुपित जगापुढे उघड करावे आणि समाजाने त्याच्या मोबदल्यात काही वर्षे त्याला एकट्याला त्याचा लाभ घेऊ द्यावा, असा हा सौदा आहे. सौद्याच्या अटी समाजाच्या वतीने कोण ठरविणार, तर ज्या संस्थेने राजाच्या हातून सनदेचे पुस्तक काढून घेतले ती संस्था, म्हणजेच कायदेमंडळ. लोकशाही देखरेख ही पेटंट व्यवस्थेला नंतर लावलेली झालर नव्हे. तिच्याशिवाय पेटंट म्हणजे पुन्हा दरबारी सनदच.

भारतानेही हा धडा आपल्या परीने गिरविला आहे. ब्रिटिश राजवटीतील १९११ चा कायदा स्वतंत्र भारताला पुरणार नव्हता. बक्षी टेकचंद यांची समिती आणि त्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल यांनी या कायद्याची चिरफाड केली. भारतातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या हाती आहेत आणि त्यांतील अनेकांचा उपयोग येथे उत्पादन करण्यासाठी नव्हे तर बाजारपेठ अडवून ठेवण्यासाठी होतो, हे अय्यंगार यांनी दाखवून दिले. १९६५ चे विधेयक लोकसभेच्या विसर्जनामुळे बारगळले, १९६७ मध्ये ते पुन्हा आले, संयुक्त समितीपुढे गेले आणि अखेर १९७० चा पेटंट कायदा झाला. २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधे व अन्नपदार्थ यांवर वस्तूचे पेटंट नाही, केवळ प्रक्रियेचे पेटंट, या एका तरतुदीने भारतीय औषध उद्योगाचा पाया घातला गेला. हा निर्णय पेटंट परीक्षकाच्या टेबलावर झालेला नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या सार्वजनिक चर्चेतून झाला होता, आणि म्हणूनच त्याला बळ होते.

आज्ञावलीला पेटंट म्हणजे काय?

आता प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीचा. आज्ञावली लिहिणाऱ्याला संरक्षण नाही, असा काहींचा समज असतो. तो खरा नाही. पुस्तकाला जसा स्वामित्वहक्क मिळतो तसाच तो आज्ञावलीलाही मिळतो. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट करण्यात आले आणि जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदाविषयक करारही आज्ञावलींना साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण द्या, असेच सांगतो. दुसऱ्याची आज्ञावली जशीच्या तशी उचलणारा गुन्हेगार ठरतो, आणि ते योग्यच आहे.

पेटंट त्याच्या कितीतरी पुढे जाते. स्वामित्वहक्क शब्दांना कुंपण घालतो. पेटंट कल्पनेच्या वापरालाच कुंपण घालते. एखाद्या कादंबरीकाराने आपल्या कादंबरीची नक्कल करण्यास मनाई करणे वेगळे आणि ‘हरवलेला भाऊ शेवटी सापडतो’ या कथानकावरच वीस वर्षांचा मालकी हक्क सांगणे वेगळे. पेटंटच्या बाबतीत ‘मी नक्कल केली नाही, मला हे स्वतंत्रपणे सुचले’ हा बचाव चालत नाही. पुण्याच्या वसतिगृहात बसून एखाद्या विद्यार्थ्याने सर्वस्वी स्वतःच्या बुद्धीने आज्ञावली रचली, तरी तिच्यातील एखादी पायरी जगाच्या पाठीवर कोणी आपल्या नावे नोंदवून ठेवली असेल, तर जेथे ते पेटंट लागू आहे तेथे ती वापरणारा दोषी ठरू शकतो. एका मोठ्या आज्ञावलीत अशा हजारो पायऱ्या असतात. त्यांतील प्रत्येकीचा सात-बारा तपासून मग लिहावयास बसणे कोणाला शक्य आहे?

हे भय काल्पनिक नाही. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने चित्रे साठविण्याची ‘गिफ’ ही पद्धत प्रसृत केली. ती सर्वत्र वापरात आली. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस मात्र जाहीर झाले की, या पद्धतीत माहिती आटोपशीर करण्यासाठी जी युक्ती वापरली जाते तिच्यावर युनिसिस कंपनीचे १९८५ सालचे पेटंट आहे आणि यापुढे ‘गिफ’ हाताळणाऱ्या आज्ञावलींच्या निर्मात्यांना परवाना घ्यावा लागेल. सात वर्षे सार्वजनिक समजून ज्या रस्त्यावरून लोक चालले, त्यावर एका रात्रीत जकात नाका उभा राहिला. अमेरिकेतील त्या पेटंटची मुदत २००३ मध्ये संपेपर्यंत तो उठला नाही. ज्यांच्या ग्रंथांवर संगणकशास्त्राच्या पिढ्या घडल्या, त्या प्राध्यापक डोनल्ड नथ यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या पेटंट आयुक्तांना पत्र लिहून अशा पेटंटांना विरोध केला होता. १९८० च्या सुमारास अशी पेटंटे सर्रास दिली जात असती, तर गणिती मजकुराच्या छपाईसाठी जगभर वापरली जाणारी ‘टेक’ ही आपली प्रणाली आपल्याला निर्माण करता आली नसती, असे त्यांनी बजावले होते.

अमेरिकेत या प्रकाराने कळस गाठला तो १९९८ नंतर. त्या वर्षी तेथील अपील न्यायालयाने व्यवसाय करण्याच्या पद्धतींनाही पेटंटचे दार उघडले, आणि १९९९ मध्ये कळ एकदाच दाबून खरेदी पूर्ण करण्याच्या पद्धतीवर ॲमेझॉन कंपनीला पेटंट मिळाले. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, एखादी अमूर्त कल्पना सर्वसाधारण संगणकावर चालविली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. मधली सोळा वर्षे ज्यांनी खटल्यांच्या भीतीने दंड भरले, त्यांची भरपाई कोण करणार?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आजच्या यंत्रांत लोखंड कमी आणि आज्ञावली जास्त, असे आज्ञावलींच्या पेटंटचे पुरस्कर्ते म्हणतात. मोटारीचा ब्रेक असो की रुग्णालयातील तपासणीचे यंत्र, त्यातील कल्पकता आज्ञावलीतच सामावलेली असते. तिला संरक्षण नसेल तर गुंतवणूक करणार कोण, असा त्यांचा सवाल आहे. लहान उद्योजकाला बलाढ्य कंपनीपासून वाचविणारे तेच एक शस्त्र आहे, असेही ते सांगतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. तो मान्य करावा की अमान्य, याबद्दल प्रामाणिक मतभेद संभवतात. परंतु म्हणूनच हा प्रश्न उघड्या सभागृहात, साधकबाधक चर्चेने सोडविला पाहिजे. दोन प्रामाणिक पक्षांतील वाद कचेरीतील परिपत्रकाने मिटविण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

म्युनिकची कथा

युरोपात नेमके काय झाले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ५ ऑक्टोबर १९७३ रोजी म्युनिक येथे युरोपीय पेटंट करारावर सह्या झाल्या. गणिती पद्धती, खेळ व व्यापार यांच्या पद्धती आणि संगणकाच्या आज्ञावली यांना शोध मानू नये, असे त्याच्या ५२ व्या कलमात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. मात्र त्याच कलमाच्या पुढच्या भागात, ही मनाई या गोष्टींना ‘तेवढ्यापुरतीच’ लागू आहे, अशा अर्थाचे ‘ॲज सच’ हे दोन शब्द आहेत. या दोन शब्दांच्या फटीतून पुढे सारी वरात आत गेली.

१९८६ मध्ये कार्यालयाच्या अपील मंडळाने चित्रांवर संगणकाद्वारे प्रक्रिया करण्याच्या एका पद्धतीला मान्यता दिली. त्यात तांत्रिक परिणाम साधला जात असल्याने ती ‘निव्वळ’ आज्ञावली नव्हे, असा त्याचा तर्क होता. १९९८ मध्ये त्याच मंडळाने आणखी पुढे जाऊन, पुरेसा तांत्रिक परिणाम साधणारी आज्ञावली स्वतःच पेटंटचा विषय होऊ शकते, असा निर्णय दिला. कराराचे शब्द जागच्या जागी होते. अर्थ मात्र पार पालटला होता. २००० सालच्या नोव्हेंबरात करार सुधारण्यासाठी राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा मनाईच्या यादीतून आज्ञावली वगळण्याचा प्रस्ताव पुढे आला. तो परिषदेने मान्य केला नाही.

मग युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २००२ मध्ये निर्देशाचा मसुदा आणला. सप्टेंबर २००३ मध्ये संसदेने तो मंजूर केला, पण निव्वळ माहितीवरील प्रक्रिया पेटंटच्या बाहेर राहील अशा कडक दुरुस्त्या करूनच. मे २००४ मध्ये मंत्रिपरिषदेने या दुरुस्त्यांपैकी बहुतेक केराच्या टोपलीत टाकल्या. नेदरलँड्सच्या लोकसभेने जुलैमध्ये ठराव करून आपल्या मंत्र्यांना पाठिंबा मागे घ्यावयास सांगितले. पण त्याने काही साधले नाही. त्या डिसेंबरात तर हा विषय कृषी व मत्स्यव्यवसाय मंत्र्यांच्या बैठकीत, चर्चेविना मंजूर करावयाच्या यादीत घालण्यात आला! पोलंडच्या मंत्र्याने ब्रुसेल्सला धाव घेऊन हरकत घेतली म्हणून तो तेवढ्यापुरता टळला. २००५ च्या फेब्रुवारीत संसदेने साऱ्या प्रक्रियेचा नव्याने आरंभ करावा अशी मागणी केली. आयोगाने ती नाकारली. डेन्मार्कने चर्चेचा आग्रह धरला असतानाही ७ मार्च २००५ रोजी मंत्रिपरिषदेने आपला मसुदा पुढे रेटला. जुलैमधील तो ६४८ मतांचा नकार हे या साऱ्या उद्दामपणाला संसदेने दिलेले उत्तर होते.

त्या ६४८ मतांविषयी एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. त्यांत दोन्ही पक्षांची मते होती. विरोधकांना हा निर्देश नको होता. पुरस्कर्त्यांना फ्रान्सचे माजी पंतप्रधान मिशेल रोकार यांच्या पुढाकाराने येऊ घातलेल्या दुरुस्त्यांसह तो नको होता. संसदेच्या अटी असलेल्या कायद्यापेक्षा कायदाच नसणे त्यांना अधिक सोयीचे वाटले. का, ते उघड आहे. कायदा झाला नाही तर कार्यालयाचा शिरस्ता चालूच राहणार होता, आणि तो तसा राहिलाही.

या शिरस्त्याला आवर घालणारे कोण आहे? युरोपीय पेटंट कार्यालय ही युरोपीय संघाची संस्था नव्हे. ३९ राष्ट्रांच्या वेगळ्या संघटनेचे ते अंग आहे. त्यामुळे युरोपीय संसदेला त्याचे अंदाजपत्रक रोखता येत नाही आणि संघाचा लोकपाल त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकू शकत नाही. त्याच्यावर देखरेख ठेवते ती प्रशासकीय परिषद, आणि तिच्यात बहुतेक राष्ट्रांच्या वतीने त्या त्या देशाच्या पेटंट कार्यालयांचे प्रमुखच बसतात. कार्यालयाचा खर्च शुल्कांवर चालतो. युरोपीय पेटंट दिल्यावर सदस्य राष्ट्रे जे वार्षिक नूतनीकरण शुल्क गोळा करतात त्याचा निम्मा वाटा त्या राष्ट्रांकडे राहतो. म्हणजे पेटंटे जितकी अधिक, तितके उत्पन्न अधिक. आणि ज्यांनी अंकुश ठेवावयाचा त्यांनाच त्या उत्पन्नात वाटा. तेथील अधिकारी अप्रामाणिक आहेत असा याचा अर्थ नव्हे. परंतु गिरणीच्या दळणावर ज्याचे पोट आहे त्याला दळण कमी करावयास सांगण्याची व्यवस्था कोणी शहाणा करीत नाही.

२००८ मध्ये या कार्यालयाच्या तत्कालीन अध्यक्षांनी आज्ञावलीविषयीचे प्रश्न स्वतःहून वरिष्ठ अपील मंडळापुढे नेले. मे २०१० मध्ये मंडळाने ते विचारार्थ घेण्यास नकार दिला. पण न्यायनिर्णयांनी कायदा पुढे नेण्याची सीमा जेथे येते तेथून पुढे काम कायदेमंडळाचे आहे, असा अभिप्रायही नोंदविला. कायदेमंडळाने पाच वर्षांपूर्वी आपला नकार कळविला होता. तो ऐकून घेण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती, ही यातील विसंगती.

१ जून २०२३ पासून युरोपात एकीकृत पेटंट न्यायालय सुरू झाले आहे. त्याची घडण चालू असतानाही हाच प्रवाह दिसला. पेटंटधारकाच्या हक्कांविषयीची कलमे २०१२ मध्ये संघाच्या नियमावलीतून काढून राष्ट्रांमधील करारात हलविण्यात आली. संघाच्या सर्वोच्च न्यायालयाचा त्यांच्याशी संबंध कमीत कमी यावा, हा त्यामागील हेतू होता. जर्मनीत तर मार्च २०१७ मध्ये या न्यायालयाला संमती देणारा कायदा मंजूर झाला तेव्हा सभागृहात सुमारे ३५ सदस्य हजर होते. राष्ट्राचा न्यायाधिकार बाहेरच्या संस्थेकडे सोपविण्यास दोन-तृतीयांश बहुमत लागते, असे सांगून तेथील घटना न्यायालयाने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या निर्णयात तो रद्द ठरविला. नंतर तो योग्य बहुमताने पुन्हा मंजूर करण्यात आला. विषय क्लिष्ट असला की प्रतिनिधी बाकांवरून उठून जातात, आणि रिकाम्या बाकांसमोर मोठे निर्णय होतात, हा या प्रकरणाचा धडा आहे. तो केवळ जर्मनीपुरता नाही.

दिल्ली आणि मुंबई

म्युनिकच्या कथेतील ‘ॲज सच’चे भारतीय भावंड म्हणजे ‘पर से’ हे दोन शब्द. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात जे ३(के) हे कलम आले, त्यात गणिती किंवा व्यापारी पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’, म्हणजे निव्वळ, आज्ञावली यांना पेटंट नाही असे म्हटले आहे. ‘पर से’ हे शब्द संसदेच्या संयुक्त समितीने विचारपूर्वक घातले होते. आज्ञावलीच्या जोडीला काही वेगळा शोध असेल तर तो केवळ आज्ञावलीमुळे नाकारला जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. मार्च २००५ मध्ये संसदेने वटहुकुमातील सैल शब्द नाकारून हेच शब्द पुन्हा कायम केले. संसदेचा मानस यापेक्षा अधिक स्पष्ट कसा असावा?

तरीही मुंबईत ज्यांचे कार्यालय आहे त्या पेटंट महानियंत्रकांनी ऑगस्ट २०१५ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनी आज्ञावलींना मोठी वाट करून दिली. देशी सॉफ्टवेअर उद्योजक व मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते यांनी आक्षेप घेतले तेव्हा त्या डिसेंबरात स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या सूचना आल्या. त्यांनी नवीन यंत्रसामग्रीची अट घातली. ३० जून २०१७ च्या सूचनांनी ती अट काढून टाकली. २०२५ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती निघाली. एका दशकात चार वेळा सूचना बदलल्या, कायदा मात्र तसूभर बदलला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही, मनाई निव्वळ आज्ञावलीला आहे, तांत्रिक परिणाम साधणाऱ्या शोधाला नाही, असा अर्थ लावला. म्युनिकमध्ये १९८६ साली जो ‘तांत्रिक परिणाम’ प्रकट झाला, तो अशा रीतीने, संसदेत कोणी नाव न घेता, भारतात दाखल झाला.

न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावू नये, किंवा परीक्षकांना मार्गदर्शन नसावे, असे कोणी म्हणणार नाही. विशिष्ट शोध नवा आहे की नाही, हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे. परंतु कोणत्या प्रकारच्या गोष्टी मक्तेदारीच्या बाजारात येऊ द्यावयाच्या, हा तज्ज्ञतेचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न परीक्षकाचा, दुसरा नागरिकाचा. या दोहोंची गल्लत झाली की सूचनापत्रक कायद्यापेक्षा वरचढ होते. वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने जुलै २०२१ च्या अहवालात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात ३(के) कलमाचा फेरविचार करावा, अशी शिफारस केली. ही शिफारस पटो वा न पटो, तिचा मार्ग योग्य आहे. कलम जुने झाले असेल तर ते संसदेत, नावानिशी मतदान घेऊन बदलावे. ते परीक्षकाच्या पुस्तिकेत झिजवून टाकू नये.

अंकुश बोथट होऊ नये

देखरेख केवळ संसदेनेच करावयाची असते असेही नाही. भारतीय कायद्याच्या २५ व्या कलमाने पेटंट मिळण्यापूर्वी त्याला विरोध करण्याचा हक्क ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिला आहे. ही २००५ च्या त्याच कायद्याची देणगी. क्षयरोगातून बरी झालेली मुंबईची एक तरुणी आणि तिच्यासारखाच अनुभव घेतलेली दक्षिण आफ्रिकेतील दुसरी, यांनी बेडाक्विलिन या औषधावरील मक्तेदारी वाढवू पाहणाऱ्या अर्जाला याच कलमाखाली विरोध केला, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. कार्यालये चुकू शकतात, हे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने अमेरिकेत दाखवून दिले होते. जखमेवर हळद लावण्याच्या, महाराष्ट्रातील प्रत्येक आजीला ठाऊक असलेल्या उपायावर तेथे १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. परिषदेने पुरावे दिल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. बाहेरच्या डोळ्याची गरज आहे ती यासाठीच.

तथापि मार्च २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनी या विरोधाला शुल्क लावले आणि तो दाखल करून घेण्याजोगा आहे की नाही, हे आधी नियंत्रकाने ठरवावे अशी पायरी घातली. बनावट नावांनी विरोध दाखल करून अर्ज रेंगाळत ठेवले जातात, ही सरकारची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. परंतु उंदीर झाले म्हणून कोठारालाच कुलूप घालावयाचे काय? वर्षाला एक लाखाहून अधिक पेटंटे दिल्याचा अभिमान २०२४ मध्ये सरकारने व्यक्त केला. संख्या वाढत असताना तपासणारे डोळे कमी करणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

उपाय कायद्यातच आहेत. पेटंट कायद्याच्या १५५ व्या कलमानुसार अंमलबजावणीचा वार्षिक अहवाल संसदेपुढे येतो आणि १६० व्या कलमानुसार नियमही येतात. मार्गदर्शक सूचना मात्र या दोन्ही चाळण्यांतून निसटतात. कायद्याचा अर्थ ठरविणाऱ्या सूचनाही संसदेपुढे ठेवणे बंधनकारक करावे. आज्ञावलींविषयीचे अर्ज किती आले, किती मान्य झाले आणि ते कोणाचे होते, याची फोड वार्षिक अहवालात असावी. विरोधाचे शुल्क रुग्ण, विद्यार्थी व शिक्षक यांना माफ असावे. आणि खासदारांनी हा अहवाल बाकावर ठेवून उठून जाण्याऐवजी वर्षातून एकदा तरी त्यावर चर्चा करावी. यांतील एकाही गोष्टीला परकीय कराराची आडकाठी नाही.

मिठावरील सनद रद्द करविण्यासाठी १६०१ मध्ये पार्लमेंट खवळले, कारण मीठ प्रत्येकाच्या ताटात होते. आज्ञावली आज तितकीच सर्वव्यापी झाली आहे. शाळेचा निकाल, बँकेचे पासबुक, रेल्वेचे आरक्षण आणि कचेरीतील पगारपत्रक यांपैकी काहीही तिच्यावाचून चालत नाही. तिच्यावर कोणाची मक्तेदारी असावी किंवा नसावी, याचा निर्णय कोणत्याही बाजूने लागो. तो लोकांच्या प्रतिनिधींनी, लोकांना ऐकू येईल अशा आवाजात दिला पाहिजे. म्युनिकमध्ये संसदेचा शब्द कार्यालयापर्यंत पोहोचला नाही. भारतात कार्यालय संसदेलाच उत्तरदायी आहे. हा फरक मोठा आहे, पण तो कागदावरचा ठेवावयाचा की व्यवहारातला करावयाचा, हे दिल्लीतील बाकांवर कोण बसून राहते यावर ठरेल.